तलावातले मासे पहाटेच का मरतात? घरगुती सांडपाण्याने एवढे होऊ शकते का?

प्रश्न

दक्षिण नागपुरातील आमच्या वस्तीला लागून एक जुना तलाव आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरी येऊन काही दिवस आभाळ भरून राहिले की एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या रोहू-कटल्याचा खच पडलेला दिसतो आणि कुणीतरी पाण्यात विष कालवल्याची चर्चा सुरू होते. तलावाच्या आसपास एकही कारखाना नाही. येते ते केवळ घरांचे सांडपाणी, तेही पावसाळी नाल्यातून. तक्रार केल्यावर दुपारी पाण्याचा नमुना नेण्यात आला आणि त्यात प्राणवायू पुरेसा असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. मग मासे मरतात कशाने? आणि हेच पाणी प्रक्रिया करून सोडले, तर तलाव सुरक्षित होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

नमुना दुपारी घेतला, यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. मैला आणि मोरीचे पाणी यांतील सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि मुळात तो फारसा नसतोच: ३० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ४ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे, म्हणजे हाताशी असलेली शिल्लक फार थोडी आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसलेले हिरवे शैवाल दिवसा भरपूर प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारी आकडा उत्तम दिसतो. सूर्य मावळल्यावर मात्र तेच शैवाल, मासे आणि जिवाणू मिळून तो रात्रभर वापरत राहतात आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. ढगाळ दिवसांत दिवसाची भरपाई अपुरी पडते, आणि त्यातच पहिल्या पावसाने नाल्यात साचलेली घाण तलावात येऊन तळाचा गाळही ढवळला गेला, तर आपण वर्णन केलेली सकाळ उजाडते. विषाची शक्यता तपासायलाच हवी, परंतु मरण्यापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने पाणी ओढत असतील आणि मोठे मासे आधी मरत असतील, तर संशय प्राणवायूच्या अभावावरच घ्यावा.

दुपारही निर्धोक नसते. शैवाल दिवसा पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पाण्याचा सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, म्हणजे pH) वर चढतो. सामू ७ असताना सांडपाण्यातील एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी, मुक्त स्वरूपात असतो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात सामू ९ वर गेला की हाच भाग एक तृतीयांशाच्या पुढे जातो आणि माशांचे कल्ले भाजून काढतो. म्हणून अहवालात केवळ एकूण अमोनियाचा आकडा देऊन भागत नाही, सामू आणि तापमान त्याच वेळचे हवे.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. एक गोष्ट जोडतो. तलावात अजून मासे मिळतात म्हणून पाणी ठीक आहे, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास केला जातो. मिळतात ते कोणते, हे मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारावे. मरळ आणि मांगूर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे रोहू आणि मृगळ गुदमरतात त्या पाण्यातही ते तग धरतात. तळाच्या चिखलात केवळ लाल अळ्या आणि बारीक लाल कृमी उरले असतील, तर माशांचे मूळ खाद्यच बदलले आहे असे समजावे. मोठ्या मृत्यूकांडाची बातमी तरी होते. अंडी न फुटणे, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) न वाढणे याची नोंद कुणीही घेत नाही, आणि मला तेच अधिक गंभीर वाटते.

हा प्रश्न एका तलावापुरताही नाही. शहराचे सांडपाणी वाहणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साचते.

प्रतिसाद ३

प्रक्रियेविषयी लिहितो. नेहमीचे मलनिस्सारण केंद्र सेंद्रिय भार मोठ्या प्रमाणात कमी करते आणि तेवढ्यानेही पहाटेचे संकट बरेच टळेल, म्हणून ती मागणी अवश्य लावून धरावी. मात्र नत्र आणि स्फुरद काढण्याची वेगळी सोय नसेल, तर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावरही शैवाल माजते. औषधांचे अंश तर अशा केंद्रांच्या रचनेत धरलेलेच नसतात. कॅनडात एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक लिटरमागे केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील अशा बेताने सोडण्यात आले; तेथील छोट्या माशांच्या नरांमध्ये मादीची लक्षणे दिसू लागली, प्रजनन कोलमडले आणि ती प्रजाती त्या सरोवरातून जवळजवळ नाहीशी झाली. एकही मासा विषबाधेने तरंगताना दिसला नसता, तरी परिणाम तोच झाला असता. नागपुरातील भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, हा वापर मला तलावात सोडण्यापेक्षा योग्य वाटतो.

आपण तूर्त एवढे करावे: पुढील ढगाळ दिवसांत सूर्योदयापूर्वी, शक्यतो जागेवरच मीटरने, प्राणवायू मोजण्याची लेखी मागणी करावी, कारण बाटलीत भरून नेलेल्या पाण्यातील प्राणवायू वाटेतच बदलतो. मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढावेत, अन्यथा ते कुजताना उरलेला प्राणवायूही संपवतात. आणि ते कुणी विकायला किंवा खायला नेऊ नयेत.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पहाटेच्या मोजणीचा अर्ज आजच लिहितो आणि त्यात सामू, तापमान व अमोनिया एकाच वेळी नोंदवावेत असेही नमूद करतो. नाल्याच्या मुखाशी आणि तलावाच्या मध्यभागी, अशा दोन्ही ठिकाणचे नमुने मागावेत का?

प्रतिसाद १

होय, आणि मध्यभागी पृष्ठभागाबरोबर तळाजवळचाही मागावा, कारण प्राणवायू आधी तळाशी संपतो.