मदत हवी आहे: डॅनियल कारचा १९६४-डी पीस डॉलर विकताना 'कॉपी' शिक्का लागतो का?

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. डॅनियल कार या खासगीत नाणी पाडणाऱ्याने खऱ्या जुन्या पीस डॉलरवरच (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं) परत ठसा मारून केलेला १९६४-डी माझ्याकडे आहे, तो विकायचाय. डेन्व्हर मिंटने (सरकारी टांकसाळ, 'डी' हे तिचंच चिन्ह) १९६५ मध्ये १९६४ सालाचे ३,१६,०७६ डॉलर पाडले होते पण सगळे वितळवले, म्हणून काही जण म्हणतात की मूळ नाणंच बाजारात नाही तर ही नक्कल कशी, आणि काही म्हणतात १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन अ‍ॅक्टप्रमाणे (नकली नाण्यांबाबतचा अमेरिकी कायदा) नाण्यावर 'कॉपी' हवंच. मला दुसरं जास्त पटतं, नवखा माणूस खरंच फसेल हो.

वजन २६.७ ग्रॅम भरलं, मॅग्नेटला चिकटत नाही, लूपखाली (छोट्या भिंगाखाली) गरुडाच्या पंखाजवळ जुन्या डिझाइनची पुसट रेघ दिसते. दोन डीलरना दाखवलं, एक नुसता चांदीचा भाव देतो, दुसरा हातच लावत नाही. पावती आहे, घाई नाही, फक्त खोटं सांगून विकायचं नाही आणि शिक्का मारून नाणं खराबही करायचं नाहीये.

अमेरिकेत कोणी असं नाणं विकलंय का, लिस्टिंगमध्ये नेमकं काय लिहिलंत आणि चांदीच्या वर किती मिळाले?