अनुभव धागा : समुद्र उजव्या हाताला (ऑरेगनचा एकशेएक, दोघांनी मिळून)

धागाकर्ती

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं ॲस्टोरियाहून निघून हायवे १०१ ने ब्रुकिंग्जपर्यंत उतरलो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा अख्खा किनारा, साधारण ३६० मैल, चार दिवस. घरी येऊन फोटो बघत बसलो तर दोघांच्या आठवणी जुळेचनात. त्याला आठवत होती वळणं, पूल आणि समोरून येणारे लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक. मला आठवत होता समुद्र. कारण साधं आहे. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो आणि इथल्या गाडीत उजवी सीट चालवणाऱ्याची नसते. म्हणजे आमच्याकडे ती माझी असते. (का असते, यावर चर्चा झालेली आहे.)

मला वाटेतच वाईट वाटलं होतं म्हणून तिसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सला मी आपणहून स्टिअरिंग घेतलं. म्हटलं, बघ बाबा तूही.

तर या धाग्यावर लिहा : चालवलं कोणी, बघितलं कोणी, थांबलात कुठे, बिनसलं कुठे. ठिकाणांच्या याद्या नकोत, त्या हव्या तितक्या मिळतात.

हिल्सबोरोकर

आधी एक कामाची गोष्ट. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. गाडी बाजूला घ्यायच्या जागा बहुतेक समुद्राच्या अंगाला आहेत. खाली उतरताना समोरची लेन न ओलांडता आत शिरता येतं. उलट आलात की प्रत्येक ठिकाणी ब्लिंकर लावून ताटकळा, मागे रांग, शेजारी बायको 'आता जा, आता जा'.

आम्ही पहिल्यांदा गेलो ऑगस्टमध्ये. केप पर्पेच्युआला, समुद्रापासून ८०० फूट वर, १९३० च्या दशकात बांधलेला एक दगडी निवारा आहे. तिथून किनारा मैलोन् मैल दिसतो असं ऐकून धापा टाकत चढलो. समोर पांढरा पडदा. एकमेकांचे चेहरे तेवढे दिसत होते. ऐन उन्हाळ्यात इथे हे असंच असतं : खोलातलं गार पाणी वर येतं, त्यावरची दमट हवा थंडावते आणि धुकं किनाऱ्याला चिकटून बसतं. तिकडे आत पोर्टलंडला लोक घामाने निथळत असतात आणि इथे आपण जॅकेटच्या चेन ओढतो.

बायको म्हणाली, "वर काही नाही ना, मग खाली चल." खालच्या ओढ्याच्या काठाने साडेपाचशे वर्षांच्या एका सिट्का स्प्रूसपर्यंत पायवाट जाते. झाडाच्या मुळाशी एक बोगदा झालाय, वाकून आत जाता येतं. धुक्यातलं पाणी पानांवरून टपटपत होतं, म्हणजे पाऊस नव्हता तरी आम्ही भिजलो. त्यानंतर तीनदा गेलोय, दोनदा वरून लख्ख दिसलं. तरी घरी विषय निघतो तो त्या पहिल्या वेळेचा.

जवळच्या गावाचं नाव Yachats असं लिहितात म्हणून आम्ही वर्षभर 'याचॅट्स' म्हणत होतो. याहाट्स. तुम्ही तरी हसू करून घेऊ नका.

सांगलीच्या आजी

नमस्कार. मुलीच्या आयडीवरून लिहिते आहे. आम्ही दोघं मागच्या सीटवर, पुढे मुलगी नि जावई. त्यामुळे चालवण्याचा प्रश्न आला नाही. पण उजवी खिडकी 'ह्यांनी' सकाळीच धरली ती सोडली नाही. मी मधूनमधून ह्यांच्या खांद्यावरून समुद्र बघितला.

जून महिना आणि मी कानटोपीत! कॅनन बीचला हेस्टॅक रॉक म्हणून २३५ फूट उंच खडक वाळूतच उभा आहे. ओहोटी होती म्हणून पायथ्यापर्यंत चालत गेलो. तिथे स्वयंसेवक दुर्बिणी लावून उभे असतात. नारिंगी चोचीचे पफिन पक्षी दाखवले त्यांनी. उन्हाळ्यापुरते त्या खडकावर घरटी करायला येतात म्हणे. माहेरपणच की.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, यांचं लक्ष भलतीकडेच. "बंगले इतके पाण्यालगत, पण वाळूत कुंपण एकाचंही नाही, हे कसं?" जावयांनी सांगितलं, की हायवे होण्याआधी इथले लोक वाळूवरूनच गाड्या हाकायचे. १९१३ मध्ये ओस्वाल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नरने ओली वाळू सरळ सार्वजनिक रस्ता म्हणून कायद्याने जाहीर करून घेतली. पुढे एका हॉटेलवाल्याने कोरड्या वाळूत कुंपण घातलं, त्यावरून गदारोळ झाला आणि १९६७ मध्ये कोरड्या वाळूवरही सगळ्यांचा वावर राहील असा कायदा झाला. हे ऐकून आमचे हे इतके खूश झाले की पुढे प्रत्येक थांब्यावर उतरून, कुणाच्या ना कुणाच्या बंगल्यासमोर, मुद्दाम शतपावली घालून आले.

दशम्या नि शेंगदाण्याची चटणी नेली होती. वाऱ्याने चटणी उडाली, गाडीत बसून खाल्लं.

नवखा_पोर्टलंड

लग्नाला तीन महिने. फोटोसाठी मी समुद्राकडे पाठ करून उभा. एरवी घोट्याएवढं येणारं पाणी एकदम कमरेपर्यंत आलं. किल्ली खिशात, फोन खिशात. गाडी काही केल्या उघडेना, तिच्या फोनला रेंज नाही. एका म्हाताऱ्या जोडप्याने गावात नेऊन सोडलं. वाटेत आजोबा एकच वाक्य तीनदा बोलले : समुद्राला पाठ दाखवायची नाही. आणि काठावर पडलेल्या ओंडक्यांवर चढायचं नाही, लाट आली की ते तरंगतात आणि माणूस खाली जातो. फोटो तिच्या फोनमध्ये आहे. त्यात मी हसतोय आणि मागे लाट.

कढीपत्ता_गेला

आम्ही खाली कॅलिफोर्नियात उतरून सॅन होजेला बहिणीकडे चाललो होतो. मागच्या सीटवर, बेल्ट लावून, माझं चार वर्षांचं कढीपत्त्याचं झाड. पोर्टलंडच्या हिवाळ्यात खिडकीत दिवा लावून जगवलेलं. ब्रुकिंग्जनंतर सीमा ओलांडली की शेतमालाचा तपासणी नाका लागतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याच्यावरून येणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबाच्या बागा संपवते, म्हणून बाहेरून आणायला बंदी. बाई अगदी सौजन्याने बोलली, पण झाड ठेवून घेतलं.

नवऱ्याला हा नियम माहीत होता. "मला वाटलं तुला ठाऊक असेल." बस्स. पुढचा अर्धा तास गाडीत सुतक.

क्रेसेंट सिटीच्या अलीकडे त्याने न विचारता आत वळवली, हाउलंड हिल रोडला. कच्चा रस्ता, एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना रेडवुड. काही ठिकाणी बुंधे इतके जवळ की आरसे मिटून घ्यावेत असं वाटतं. तीनशे फुटांवरची झाडं, शेंडा बघायला काचेला गाल लावला तरी दिसत नाही. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, तेव्हा ती धुक्यातून पाणी मिळवतात. इंजिन बंद केलं. मी तेवढ्यात म्हटलं, "चार वर्षं पाणी घातलं रे मी त्याला." तो म्हणाला, "माहितीये. गेल्या वर्षी तू भारतात होतीस तेव्हा मी घातलं." हे मी विसरले होते.

बहिणीकडे पोचलो तर तिच्या अंगणात कढीपत्त्याचं पुरुषभर झाड. वर म्हणते, "एवढं कशाला आणत होतीस?"

टपरीवरचा

जरा विषयांतर. रेवदंड्याहून दापोलीकडे सागरी मार्गाने खाली जा, समुद्र तिथेही उजव्या हाताला. पण आपल्या गाडीत ड्रायव्हरही उजवीकडे! म्हणजे कोकणात चालवणारा बघतो आणि शेजारच्याच्या वाट्याला आंब्या-काजूचा डोंगर. शिवाय आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेसवी गाडी फेरीबोटीत चढवायची, तेवढा वेळ दोघंही कठड्याला. या एका बाबतीत कोकण पुढे आहे, मान्य करा.

दुर्बीण

मान्य. पण बोटीतून देवमासे दाखवा.

आम्ही दर डिसेंबरच्या शेवटी डिपो बेला जातो. अलास्काकडून मेक्सिकोकडे निघालेले ग्रे व्हेल त्या सुमारास किनाऱ्याजवळून जातात. गावातला हायवे समुद्राच्या भिंतीला लागूनच आहे, वादळात लाटेचे तुषार थेट रस्त्यावर येतात. दिसतं काय तर क्षणभर एक पांढरा फवारा. तिला दिसतो. मी 'कुठे, कुठे' म्हणेपर्यंत संपलेला असतो. यंदाचा हिशेब : ती सात, मी दोन, पैकी एक वादग्रस्त.

हिवाळ्यात जाणार असाल तर निघण्याआधी ट्रिपचेकवर (ऑरेगनच्या रस्त्यांची स्थिती सांगणारी साइट) रस्ता बघा. दरड कोसळून एकशेएक बंद होणं हे तिथे नवल नाही.

पाटी_वाचणारी

माझा नवरा सुंदर जागी अभद्र बोलतो. नेस्कोविनला ओहोटीच्या वेळी वाळूतून काळे खुंट वर आलेले दिसतात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्प्रूसच्या जंगलाचे. संध्याकाळ, कोणी नाही, मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "२६ जानेवारी १७०० ला इथे ९ च्या आसपासचा भूकंप झाला, तारीख कळली ती जपानच्या दप्तरांमधून, कारण त्याची त्सुनामी तिकडे पोचली होती." मग हॉटेलवर जाताना निळ्या पाट्या मोजत राहिला, पळायची दिशा दाखवणाऱ्या. खोली पहिल्या मजल्यावर होती, ती बदलून घेतली. वरच्या खोलीतला हीटर बंद. रात्रभर दोन ब्लँकेटांत कुडकुडलो, पण त्सुनामीपासून सुरक्षित.

धागाकर्तीचा नवरा

पहिल्यांदाच आयडी काढलाय, खास या धाग्यासाठी.

वर लिहिलंय, की फ्लॉरेन्सला तिने आपणहून स्टिअरिंग घेतलं, मला समुद्र दिसावा म्हणून. फ्लॉरेन्सपासून कूस बेपर्यंत, साधारण चाळीस मैल, समुद्र आणि रस्ता यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्या आहेत. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. मी उजव्या सीटवर बसून पाइनची झाडं, तळी आणि वाळूत चालवायच्या बग्ग्या भाड्याने देणारी दुकानं बघितली.

कूस बेला ती म्हणाली, "दमले, आता तू घे."

धागाकर्ती

मला खरंच माहीत नव्हतं.

धागाकर्तीचा नवरा

नकाशा तुझ्या मांडीवर होता.