चर्चच्या तळघरात नैराश्यावर बोललं तर बिघडलं कुठे?

वैशाखवणवा
काल 'पेठेतला' यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या, चर्चमध्ये नैराश्यावर बैठका भरवणं म्हणजे डॉक्टरांच्या कामात पाद्र्यांची लुडबुड. आजारी माणसाने दवाखाना गाठावा, देऊळ नव्हे. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कुठला दवाखाना गाठावा? देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्याला ओबामाकेअर या आरोग्यविमा योजनेतून विमा मिळत नाही. २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोक ६ कोटी २० लाखांच्या वर भरले. आणि मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ साली पाहणी केली तेव्हा स्पॅनिशमधून उपचार करू शकणारे निघाले जेमतेम साडेपाच टक्के.

मी टेक्ससमध्ये एका धर्मादाय आरोग्य केंद्रात सहा वर्षं काम करते आहे. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपली की आम्ही तळघरात बसतो. प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, बोलते. ती डॉक्टर नाही, आठवडाभर लोकांची घरं पुसणारी बाई आहे, पण प्रशिक्षण घेतलेली. 'डिप्रेशन' हा शब्द ती पहिल्या दिवशी काढतच नाही. 'नेर्व्हिओस' म्हणते, म्हणजे जीवाची घालमेल. झोप लागते का, बाजारात उभ्याउभ्या रडू फुटतं का, एवढंच विचारते. चाळीस बायकांत एकही तोंड उघडत नाही. मग सगळ्या गेल्या की एखादी खुर्च्या आवरायला मागे राहते. एक खुर्ची मिटते, भिंतीला टेकवते, आणि पाठमोरीच सांगायला लागते. तिसाव्या खुर्चीपर्यंत सगळं बाहेर आलेलं असतं. ही बाई तुमच्या दवाखान्याची पायरी जन्मात चढली नसती.

पेठेतला
ताई, खुर्च्यांचं वाचून गलबललं, खोटं बोलत नाही. पण माझं ऐका. कॅलिफोर्नियात माझ्यासोबत गोदामात रात्रपाळी करणारा एक होंडुरासचा पोरगा होता. आवाज ऐकू यायचे त्याला. गोळ्यांनी माणसात आला होता. त्याच्या पास्टरने सांगितलं, गोळी घेतोस म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय. याने गोळ्या कचऱ्यात टाकल्या. दोन महिन्यांनी त्याला पोलिसांनी रस्त्यावरून उचलून इस्पितळात नेला. तेव्हा त्याच्या आईला फोन मी केला होता. त्या पास्टरला कोणी जाब विचारला?

दुसरं, तुमचं तळघर भरतं कोणाने? प्यू या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचे आकडे बघा. लॅटिनो प्रौढांत कॅथलिक म्हणवणारे २०१० ला ६७ टक्के होते, २०२२ ला ४३. कुठलाच धर्म न सांगणारे ३० टक्के झाले, त्यात तरुणच जास्त. ज्यांना गरज जास्त तेच चर्चच्या बाहेर आहेत.

निशाचर
सगळे पास्टर एका मापाने मोजू नका. फीनिक्सचे बिशप जॉन डोलन यांनी स्वतःची सख्खी भावंडं आत्महत्येत गमावलीत, आणि ते हे उघडपणे बोलतात. त्यांच्या धर्मप्रांतात मानसिक आरोग्याचं वेगळं काम सुरू झालंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी देशपातळीवर मोहीम काढली. आत्महत्या केलेल्याची जबाबदारी मनाच्या आजाराने कमी होऊ शकते, हे कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातच आहे. गोळ्या टाकायला सांगणारा पास्टर गुन्हेगार, मान्य. पण त्याच्यामुळे सगळ्यांची दारं बंद का करायची?

शिकागोकर
तुम्ही चर्च की दवाखाना यावर भांडताय आणि दोन्हीकडे जे चाललंय ते कोणी बोलत नाही. दुभाष्याचं काम लहान पोरांकडून करून घेतात! शिकागोतल्या एका दवाखान्यात मी स्वागतकक्षात होते. नऊ वर्षांची मुलगी, दप्तर पाठीवर, आईशेजारी बसलेली. डॉक्टरने विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? मुलीने स्पॅनिशमध्ये विचारलं. आईने लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि नाही म्हणाली. डॉक्टरने 'नाही' लिहून घेतलं. दुसरं काय म्हणणार होती ती लेकीसमोर?

पेठेतला
वाईटच आहे, पण विषय चर्चचा आहे.

शिकागोकर
विषय हाच आहे! दवाखान्यात भाषा नाही म्हणून बाई तळघरात जाते. तुम्ही 'दवाखाना गाठा' म्हणून मोकळे होता, तिथे गेल्यावर काय होतं ते बघायला तुम्ही नसता.

नर्सताई
नियम आहे हो. २०१६ पासून केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या दवाखान्यांना आणीबाणी सोडून अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरता येत नाही. पण फोनवरचा दुभाषी यायला वेळ लागतो, बाहेर चौदा पेशंट ताटकळलेले असतात आणि पोरगं समोरच उभं असतं. मीसुद्धा एकदा केलंय हे. अजून लागतं मनाला.

निशाचर
आणि हे फक्त लॅटिनोंकडे होतं असं समजू नका. न्यू जर्सीत माझ्या सासूबाईंना दाखवायला नेलं, सोबत बारा वर्षांचा नातू. त्या म्हणाल्या, "जीव नको झालाय रे." त्याने इंग्रजीत सांगितलं, आजी थकलीय. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मी बाहेर गाडी लावत होतो. ते वाक्य मला चार महिन्यांनी कळलं.

पेठेतला
निशाचर, सासूबाई आता कशा आहेत?

निशाचर
बऱ्या आहेत. मराठी बोलणाऱ्या बाई मिळाल्या, व्हिडिओवर बोलतात.

वैशाखवणवा
बघा! कोणीतरी आपल्या बोलीतलं मिळालं आणि गाडं सुटलं. तळघरात आम्ही हेच करतो. 'नेर्व्हिओस', 'सुस्तो' (म्हणजे धसका) हे शब्द काही अडाण्यांचे नाहीत. २०१३ च्या डीएसएममध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या, डॉक्टरांच्याच पोथीत, त्यांची नोंद आहे. पण ते ऐकणारा माणूस समोर हवा ना.

पेठेतला
ऐकायला हवा, कबूल. पण ऐकून पुढे काय? प्रार्थना करून घरी पाठवणार? तुम्ही दरवेळी खुर्च्यांपाशीच थांबता. पुढचं सांगा.

वैशाखवणवा
आवाज खाली ठेवा. पुढचं सांगते. त्याच संध्याकाळी प्रोमोतोरा तिच्या फोनवरून आमच्या केंद्रात वेळ घेते. रात्री-अपरात्री लागलं तर ९८८ ही आत्महत्या रोखण्याची हेल्पलाइन, मग २ दाबायचं, स्पॅनिशमधून माणूस बोलतो. पहिल्या भेटीला प्रोमोतोरा सोबत येते, पोरगं नाही. उपचार आम्ही तळघरात करत नाही, करूही नये.

नर्सताई
एक मी विचारते, कारण कोणी विचारत नाहीये. जानेवारी २०२५ मध्ये चर्चमध्ये इमिग्रेशनचे एजंट न घुसण्याचा जुना नियम सरकारने काढून टाकला. त्या जुलैत सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी भीती वाटणाऱ्यांना रविवारच्या मिस्सेला न येण्याची मुभा दिली. मग तुमच्या तळघरात येतंय कोण?

वैशाखवणवा
चाळीसच्या जागी पंधरा-सोळा. यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रोमोतोरा आता घरोघर जाते, तमालेचा डबा घेऊन. पण घरी नवरा असतो, पोरं असतात, बाई बोलत नाही. खुर्च्या आवरण्याचा तो अर्धा तास घरात मिळत नाही.

पेठेतला
ताई, काल 'लुडबुड' लिहिलं, तो शब्द तुमच्या केंद्रापुरता मागे घेतो. त्या पास्टरपुरता घेणार नाही. आणि एक मागणी आहे. तळघराच्या दारावर स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत लावा, की डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत, पाद्र्याने सांगितलं तरी. आणि खाली तुमच्या पाद्र्याची सही घ्या.

वैशाखवणवा
सहीचं अवघड जाईल. पाद्री म्हातारे आहेत, "पाद्र्याने सांगितलं तरी" हे वाचून दुखावतील.

पेठेतला
त्या पोराच्या आईला मी काय सांगितलं होतं ते मला अजून पाठ आहे. सही घ्या.

वैशाखवणवा
रविवारी मिस्सेनंतर विचारते.