लांब पल्ल्याचा मार्ग: पायी की सायकलने?

दूरवाट (प्रश्न):

नमस्कार. जगभरातील लांब पल्ल्याच्या पायी आणि सायकल मार्गांचे नकाशे पाहणे, त्यांवरील मुक्कामांचे हिशेब मांडणे हा माझा अनेक वर्षांचा ध्यास आहे. आता प्रथमच सलग महिनाभराची सवड मिळण्याची चिन्हे आहेत. स्पेनमधील कामिनो दे सांतियागो हा सांतियागो शहराकडे जाणारा ख्रिस्ती यात्रामार्ग, युरोपातील डॅन्यूब नदीकाठचा सायकल मार्ग आणि अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेलचा एखादा टप्पा, असे तीन पर्याय मनात घोळत आहेत. चालण्याची आणि सायकल चालवण्याची सवय मला सारखीच आहे, मात्र दोन-तीन दिवसांपलीकडे सलग प्रवास केलेला नाही. आधी मार्ग निवडावा की साधन? कामिनो सायकलनेही करता येतो. तसे असेल तर महिनाभरात जास्तीत जास्त अंतर पाहायला मिळावे म्हणून सायकलच नेणे शहाणपणाचे ठरेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यपथिक:

माझे स्पष्ट मत आहे की आधी साधन ठरवावे, कारण प्रत्येक मार्ग कुणाच्या तरी वेगाला धरून आखलेला असतो आणि तो वेग आपला नसेल तर मार्ग कितीही सुंदर असला तरी रोज त्याच्याशी झगडावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात याचे फार चांगले उदाहरण आहे. तेथे कालामुंडा ते ऑल्बनी असा सुमारे १,००० किलोमीटरचा बिबुलमन ट्रॅक केवळ चालणाऱ्यांसाठी आहे, आणि जवळपास तशाच जंगलांतून मुंडारिंग ते ऑल्बनी असा मुंडा बिडी मार्ग सायकलस्वारांसाठी स्वतंत्रपणे काढलेला आहे. पहिल्यावरचे निवारे चालण्याच्या एका दिवसाच्या अंतरावर आहेत, तर दुसऱ्यावरचे सायकलच्या एका दिवसाच्या. दोन निवाऱ्यांमधले अंतर पाहिले की तो मार्ग कुणासाठी आहे हे लगेच कळते. कोणत्याही नकाशावर मी आधी तेच पाहतो.

अ‍ॅपलाचियन ट्रेलच्या बाबतीत तर हा प्रश्न उरतच नाही. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये मांडलेली आणि १९३७ मध्ये सलग पूर्ण झालेली ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट पायी चालणाऱ्यांची आहे आणि जवळजवळ सर्वत्र तिच्यावर सायकलला मनाई आहे. डोंगरमाथ्यांवरून जाणारी, मुळांनी आणि दगडांनी भरलेली ती वाट पाहिल्यावर या मनाईचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. सलग चालण्याची पहिलीच वेळ असेल, तर तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन तिकडे जाण्याची घाई करू नये.

पायपीट:

सह्यपथिक यांच्याशी सहमत आहे आणि कामिनोबद्दल थोडे सविस्तर लिहितो. फ्रान्समधील सँ-झाँ-पिए-द-पोर येथून निघणारा कामिनोचा ‘फ्रेंच मार्ग’ सुमारे ७८० किलोमीटरचा आहे. तो सायकलने जरूर करता येतो, पण यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी चालणाऱ्याला किमान १०० किलोमीटर पुरतात, तर सायकलस्वाराला किमान २०० किलोमीटर पूर्ण करावे लागतात. शिवाय यात्रेकरूंसाठीच्या अनेक निवासांमध्ये खाट देताना चालत आलेल्यांना प्राधान्य मिळते. पिवळ्या बाणांची जी खूण आज सर्वत्र दिसते, ती १९८० च्या दशकात या मार्गावरील ओ सेब्रेइरो गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी रंगवायला सुरुवात केली. तेव्हापासून गावागावांत भिंतींवर, दगडांवर, वळणावरच्या खांबांवर हे बाण आहेत. चालणाऱ्याच्या नजरेत ते सहज भरतात, पण उतारावरून वेगात येणाऱ्या सायकलस्वाराकडून एखादा निसटण्याची शक्यता बरीच असते.

पहिल्या दिवसाचा अंदाज मात्र नीट बांधावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरना एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सँ-झाँहून पिरेनीज पर्वत ओलांडून रोन्सेस्व्हायेसला जाताना सुमारे २५ किलोमीटर अंतर आणि १,२०० मीटरहून अधिक चढ आहे, म्हणजे विश्रांती न धरताच सात तास होतात. हिवाळ्यात, १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत, हा वरचा घाटमार्ग बंद असतो आणि दरीतील रस्त्याने जावे लागते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पायात कुठेही चटका बसल्यासारखी जाणीव झाली की त्याच क्षणी थांबावे, मग पुढचे गाव अगदी दिसत का असेना. बूट आणि मोजे काढावेत, पाय पूर्ण कोरडा होऊ द्यावा, लाल झालेल्या जागेवर सुरकुती न पडता चिकटपट्टी लावावी, कोरडे मोजे घालावेत आणि टाच घट्ट बसेल अशी नाडी पुन्हा बांधावी. यात जाणारी दहा मिनिटे पुढचा आठवडा वाचवतात.

दोनचाकी:

वरील मंडळींच्या अनुभवाचा आदर राखून मी सायकलची बाजू मांडतो. सायकलसाठी उत्तम मार्ग बहुधा नदीकाठी किंवा जुन्या रेल्वेच्या भरावावर सापडतात, कारण पाणी आणि आगगाडी या दोघांनाही तीव्र चढ मानवत नाही. न्यूझीलंडमधील क्लाइड ते मिडलमार्च हा १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल बंद पडलेल्या लोहमार्गावरच तयार झाला आणि २००० मध्ये खुला झाला. तेथील चढ इतके सौम्य आहेत की डोंगराळ प्रदेशात आहोत हे पायांना फारसे जाणवत नाही.

डॅन्यूबच्या बाबतीत पासाऊ ते व्हिएन्ना हा सुमारे ३२० किलोमीटरचा टप्पा आठवडाभरात आरामात होतो. श्ल्योगेनजवळ नदी जंगलातून जवळजवळ मागे वळते, आणि तेथे सायकलींसह लहान नावेने पुढे जाता येते. प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे गेल्यास वाराही बहुतेक वेळा पाठीशी राहतो. ओझे पाठीवर न घेता चाकांच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, जड वस्तू तळाशी ठेवून न्यावे. महिनाभर हाताशी असेल तर ब्रातिस्लाव्हामार्गे बुडापेस्टपर्यंत जाऊनही वेळ उरेल, आणि ज्यांना किलोमीटरची ओढ आहे त्यांना कामिनोपेक्षा येथे अधिक समाधान मिळेल.

पायपीट:

दूरवाट यांना एक सुचवावेसे वाटते. महिनाभरात ७८० किलोमीटर चालायचे म्हणजे विश्रांतीचा दिवस न घेता रोज सरासरी २६ किलोमीटर, आणि नवख्या पायांवर तो अन्याय आहे. याच मार्गावरील बुर्गोस शहरापासून सुरुवात केल्यास सुमारे ४९० किलोमीटर उरतात, रोज २० किलोमीटर पुरतात आणि हाताशी पाच-सहा मोकळे दिवस राहतात. बुर्गोस ते लिओन हे मेसेता पठार अनेक जण कंटाळवाणे म्हणून बसने ओलांडतात. मला मात्र तेथील गव्हाच्या शेतांमधून पहाटे चालणे संपूर्ण मार्गावर सर्वांत प्रिय आहे. उन्हाळ्यात सावली नसते, म्हणून मे किंवा सप्टेंबर निवडावा.

दूरवाट:

सर्वांचे मनापासून आभार. जास्तीत जास्त अंतर हा माझा निकष चुकीच्या जागी लावला जात होता, हे निवाऱ्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट झाले. बुर्गोसहून सप्टेंबरमध्ये पायी निघायचे ठरवत आहे. तोपर्यंत दर आठवड्याच्या शेवटी, प्रवासात असेल तेवढेच ओझे पाठीवर घेऊन, सलग दोन दिवस २० किलोमीटर चालण्याचा सराव करेन, कारण पहिल्या दिवसाच्या थकव्यानंतर पाय दुसऱ्या दिवशी काय म्हणतात हे आधी पाहायचे आहे. डॅन्यूबसाठी दोनचाकी यांच्याकडे पिशव्यांबद्दल वेगळे विचारेन.