ॲरे भाषेत चार अर्ग्युमेंट एकाच ओळीत कोंबायचे का?

रीडपिक: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे यंत्रमाग आहेत. ताण्याला सूत किती लागेल, हे काढायला मी एपीएल या ॲरे भाषेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेवर एकदम हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत, फंक्शन लिहिलं. इंचाला धागे, इंचात पन्हा आणि यार्डात लांबी यांचा गुणाकार करायचा, त्याला ८४० गुणिले काउंटने (एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा) भागायचं, की उत्तर पौंडात. ४० धागे, ६० इंच, १०० यार्ड, २० काउंट: १४.२९ पौंड.

एपीएलच्या फंक्शनला डावा आणि उजवा असे दोनच अर्ग्युमेंट, म्हणजे हिशेबासाठी आत द्यायच्या किमती. म्हणून चारही आकडे उजवीकडे एका ओळीत दिले आणि आत चार नावांत वाटून घेतले. परवा धाकट्या भावाकडून धागे आणि काउंट उलटे पडले. उत्तर आलं ३.५७, बरोबर चौथाई. एरर नाही, काही नाही. तेवढंच सूत मागवलं आणि ताणा मधेच अडला.

ॲरे म्हणजे एका जातीच्या गोष्टींची रांग. धागे, इंच, यार्ड, काउंट ही रांग नव्हे, हे गाठोडं झालं. भाषेनं नावानिशी अर्ग्युमेंट घ्यायला हवेत.

जुळेसोलापूरकर: अजिबात पटलं नाही. अधिकचं चिन्ह जसं दोन आकड्यांच्या मधे बसतं, तसंच आपण लिहिलेलं फंक्शनही बसतं, म्हणून तर ही भाषा चालते. एपीएलचे जनक केनेथ आयव्हरसन यांना संगणकशास्त्रातला १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो याच चिन्हलिपीच्या कामासाठी. चार अर्ग्युमेंट लागले म्हणजे दोन हिशेब एकात शिरलेत, असं समजा. ४० गुणिले ६० म्हणजे २४०० धागे, १०० यार्डांनी २,४०,००० यार्ड सूत, हा पहिला हिशेब. काउंट डावीकडे, यार्ड उजवीकडे, हा दुसरा. आता डावीकडे तीन काउंट, उजवीकडे सुताच्या तीन लांब्या देऊन बाह्य गुणाकार लावा, म्हणजे प्रत्येक काउंटची प्रत्येक लांबीशी जोडी लागते. नऊ उत्तरांचा तक्ता एका फटक्यात मिळतो, लूप लागत नाही. चार नावांच्या फंक्शनला हे जमणार नाही.

होटगीरोड: क्यू या दुसऱ्या ॲरे भाषेत चौकोनी कंसात आठपर्यंत अर्ग्युमेंट देता येतात. काउंटची जागा २० नं भरून बाकीच्या मोकळ्या सोडल्या की त्या काउंटचं वेगळं फंक्शन तयार, ही सोय मला रोज लागते. पण रीडपिकभाऊ, जागा चुकली तर इथंही ३.५७ च येणार. शिवाय एखादा अर्ग्युमेंट राहिला तर एरर येत नाही, अर्धवट भरलेलं फंक्शनच हातात पडतं.

रीडपिक: हिशेब दोन करायचा मुद्दा मानला, आज तसंच लिहितो. पण एक गोष्ट राहतेच. चार नावांना चुकून एकच ४० दिला तर एपीएल तो चारही नावांत भरतं आणि १.९ पौंड सांगतं. तीन आकडे दिले तर मात्र आकड्यांची संख्या जुळत नाही अशी एरर (LENGTH ERROR) येते. गोदामात सूत मोजणाऱ्याला हा फरक कसा कळायचा?

जुळेसोलापूरकर: ते खरं आहे. पहिल्या ओळीतच ‘चार आहेत का’ हे तपासा, मी तेच करतो. पण काउंट आणि यार्ड उलटे पडले तर तपासणीही काही करू शकत नाही, म्हणून मी काउंट कायम डावीकडेच ठेवतो.

रीडपिक: आमच्याकडे फॉर्म भावाच्या हातात असतो. त्याला डावं-उजवं नको, ‘काउंट’ लिहिलेला रकाना हवा.