पॅच किती चिकटतो हे तपासायला 'नकली त्वचा' कोणती घ्यावी? (बजेट 4000)

गोळीवाली_नाशिक
नमस्कार मंडळी. एम. फार्म.चं शेवटचं वर्ष आहे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकचा पॅच करतेय, गोंद ॲक्रिलिक. स्टीलच्या प्लेटवर पील टेस्ट (चिकटवलेली पट्टी सोलून काढायला किती बल लागतं ते मोजणं) घेतली की आकडे झकास येतात. पण औषध न घातलेला तोच पॅच वर्गातल्या एका मुलाने हौसेने गुडघ्यावर लावला आणि संध्याकाळी दोन कोपरे वर! सर म्हणाले, वाकणाऱ्या, ताणणाऱ्या, त्वचेसारख्या कशावर तरी तपासा. कशावर, ते तुम्हीच शोधा.

माणसांवर रीतसर चाचणी करायची तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि थिसिस जमा करायची तारीख डोक्यावर आहे.

हवंय काय: त्वचेसारखा पृष्ठभाग, निदान 30 पट्ट्या निघतील एवढा. बजेट 4000, वर एक रुपया नाही, स्टायपेंड अडकलाय. ओढून बल मोजायचं मशीन शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं मिळेल असं दिसतंय. कोणी केलंय का हे?

टॉर्कमामा
पोरी, सातपूरला टेपच्या कंपनीत क्यूसीमध्ये उभी नोकरी काढली. स्टील प्लेटच खरी. 25 मि.मी. रुंद पट्टी, 2 किलोचा रबरी रोलर, मग 180 अंशात मिनिटाला 300 मि.मी. वेगाने ओढायची. जगभर हेच चालतं. स्टील आज जसं तसंच उद्या. कातडी सकाळी एक, दुपारी दुसरी. ज्याचा भरवसा नाही त्यावर टेस्ट कसली?

सदा_स्टुटगार्ट
आमच्याकडे लॅबमध्ये सरळ व्हिट्रो-स्किन मागवतात. त्वचेच्या पृष्ठभागाची नक्कल म्हणूनच तो विकला जातो. वापरायच्या आधी बंद डब्यात दमट हवेत मुरवावा लागतो एवढंच. आणि कॉलेजच्या यूटीएमच्या (ओढून-ताणून बल मोजायच्या मोठ्या मशीनच्या) नादी लागू नकोस, टेक्स्चर ॲनालायझर घे, तेच काम नाजूक बलांसाठी करतो. आमचा इतका अचूक आहे की शेजारून कोणी दार आपटलं तरी ग्राफवर दिसतं. बजेट थोडं वाढवता आलं तर बघ.

गोळीवाली_नाशिक
दादा, 4000 रुपये. युरो नव्हेत.

खानदेशी_ठसका
एवढं डोकं कशाला लावताय? बोकडाचा कान. माझी अख्खी पीएचडी कानांवर झाली (तिकडे डुकराचे होते, पण तत्त्व तेच). खऱ्या त्वचेला तोड नाही. मात्र खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की भाजू नको. आपल्याकडे मुंडी-पाया भाजूनच देतात, आणि भाजलेल्या कातडीवर तुमचा पॅच चिकटला काय नि न चिकटला काय, आकड्याला अर्थ उरत नाही. केस कात्रीने बारीक कापा. वस्तरा मारला की वरचा थर खरवडला जातो, केस काढायची क्रीम लावली तर पृष्ठभागच बदलतो. आतली चरबी सोलून काढा. खर्च जवळपास शून्य.

शुद्ध_तूप
थिसिससाठी मुक्या जिवाचा कान? धन्य आहे.

खानदेशी_ठसका
बोकड थिसिससाठी कापलेला नसतो हो साहेब. रविवारसाठी कापलेला असतो.

गोडघाशा
मी फार्माचा नाही, मधुमेहाचा. दंडावर साखर मोजायचा सेन्सर लावतो. 14 दिवस टिकेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं. जुलैत दादरचा जिना चढून दाखवा म्हणावं. गर्दीत कोणाची तरी सॅक घासली आणि गेला. मशीनबिशीन तुमचं चालू द्या, पण घाम घालून तपासा. कोरड्या खोलीत सगळंच चिकटतं.

अनुभवाचे बोल: चौकोनी टेपचा कोपरा आधी उचलतो. मी वरून लावायच्या टेपचे कोपरे कात्रीने गोल करून घेतो, तेव्हापासून कटकट बरीच कमी झाली. लावायच्या आधी तेल, लोशन काही नको, आणि लावल्यावर तळहाताने दाबून धरायचं.

कासवछाप
नाटक-सिनेमाच्या मेकअपसाठी जखमा, टक्कल, नाकं बनवतो. सिलिकॉन घे. इकोफ्लेक्स 00-30 बोटाला अगदी मऊ लागतं, ताणलं की परत जागेवर येतं. दोन भाग सारखे मिसळायचे, काचेवर ओतायचे, झालं. किलोभर आणलंस तर 30 काय, दुप्पट पट्ट्या निघतील. कॉस्मेटिक रंग घातला तर हुबेहूब कातडी.

एकच सावधगिरी. लॅटेक्सचे हातमोजे घालून मिसळू नकोस. त्यातलं गंधक असल्या प्लॅटिनमवाल्या सिलिकॉनला घट्ट होऊच देत नाही. आमच्याकडे एका शिकाऊ पोराने अख्खा साचा असा घालवला, रात्रभर ठेवूनही वरून बुळबुळीतच.

टॉर्कमामा
सिलिकॉनला काही चिकटत नाही. स्टील.

बेकरीवाली
जिलेटिन आणि ग्लिसरीन वितळवून ताटात ओतलं तर नाही का चालणार? थंड झालं की छान लवचिक पातळ थर निघतो. केकवरच्या सजावटीसाठी करते मी.

सदा_स्टुटगार्ट
जिलेटिन? भारतातल्या मे महिन्यात? शुभेच्छा.

कासवछाप
+1. शूटिंगला जिलेटिनची जखम लाइटखाली ओघळते. नको.

अळवावरचं_पाणी
मामा 'सिलिकॉनला काही चिकटत नाही' म्हणाले ते मोघम असलं तरी दिशा बरोबर आहे. सगळ्यांनी सुचवलंय, पण त्यामागचं कारण कोणी सांगत नाहीये, म्हणून लांबण लावतो.

गोळीवाली, तुझ्या पॅचवरचा सोलून फेकायचा कागद आठव. तो ॲक्रिलिक गोंदापासून सुटसुटीत निघतो, कारण त्याला सिलिकॉनचाच लेप असतो. मग इकोफ्लेक्सच्या पट्टीवर तू त्याच गोंदाची ताकद मोजणार म्हणजे काय मोजणार? सिलिकॉनची पृष्ठ-ऊर्जा (ती जास्त तितका गोंद नीट पसरून चिकटतो) मीटरला 20-22 मिलिन्यूटनच्या आसपास, त्वचेची साधारण 25 ते 40, घाम-तेलाप्रमाणे वरखाली. स्वच्छ स्टीलची कितीतरी जास्त. म्हणजे स्टीलवर तुझा पॅच हिरो दिसणार, सिलिकॉनवर झिरो, आणि गुडघ्यावर काय होणार ते दोन्हींवरून कळणार नाही. उद्या कोणी सिलिकॉनचा गोंद वापरून पॅच केला तर उलटी पंचाईत, तो सिलिकॉनच्या पट्टीला सोडायचाच नाही. हाताला मऊ लागणं वेगळं आणि गोंदाला त्वचेसारखं वाटणं वेगळं. सदाने सुचवलेली वस्तू या बाबतीत बरोबर आहे, पण बजेटमध्ये बसत नाही.

दुसरं. मऊ पट्टीवरून पॅच ओढलास की खालची पट्टीच वर उचलली जाते. मग मशीन पट्टी ताणायला लागलेलं बलही मोजतं. पट्टीची पाठ कडक प्लेटला पूर्ण चिकटवून घे. आणि 90 अंशाचे आकडे 180 अंशांच्या शेजारी ठेवून तुलना करू नकोस. कागदावरच्या हिशोबाने तेवढ्याच चिकटपणाला 90 अंशात दुप्पट बल लागतं.

तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुडघ्यावर तुझा पॅच कोणी 180 अंशात ओढत नाहीये. गुडघा वाकतो, त्वचा ताणते, पॅचची पाठ तेवढी ताणत नाही, सगळा ताण कडेला येतो आणि कोपरा सुटतो. म्हणजे पीलचा आकडा कितीही देखणा आला तरी तो या प्रश्नाचं उत्तर नाही. पॅच चिकटवलेली पट्टी दोन चिमट्यांत धरून पुन्हापुन्हा ताण-सोड कर आणि मग किती भाग चिकटून राहिला ते बघ. त्याला गुण द्यायची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात तयार आहे: 90 टक्के किंवा जास्त चिकटलेला असेल तर 0, 75 ते 90 असेल तर 1, निम्म्यापासून 75 पर्यंत 2, निम्म्याहून कमी पण अजून लटकलेला तर 3, पडला तर 4. परीक्षकांना आवडतं हे.

टॉर्कमामा
एवढं लिहिलंत, पण रोज सारखंच वागणारी पट्टी द्या ना दाखवून. बाय द वे, टॅक (हलका स्पर्श होताच चिकटायचा गुण) तपासायचा असेल तर 11 मि.मी.चा पोलादी छर्रा साडेएकवीस अंशाच्या उतारावरून सोडायचा, गोंदावर किती लांब जातो ते मोजायचं. जेवढा कमी जाईल तेवढा टॅक जास्त. बेअरिंगच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळतो. 4000 ची गरजच नाही.

सुमनताई
विषय निघालाच आहे म्हणून सांगते. चिकटवायचं तपासता तसं त्वचेला काय होतं तेही तपासा गं. माझ्या वहिनीला टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं त्याने होतं. आमच्या आजी मेण लावून वर कुंकू लावायच्या, कधी काही झालं नाही.

गोडघाशा
मेणावरचं कुंकू घामाने ओघळायचं मात्र. आमच्या आजीचं नाकापर्यंत यायचं.

सुमनताई
ओघळलं तरी डाग तर नाही पडला ना!

शुद्ध_तूप
हल्ली टिकली लावतंय कोण.

संपादक
टिकलीसाठी वेगळा धागा काढा. इथल्या अवांतर प्रतिक्रिया उडवल्या जातील.

यंत्री
गोळीवाली, सगळं ठरवायच्या आधी एक फोन कर. ते 'शेजारच्या कॉलेजचं मशीन' कुठल्या विभागातलं आहे? सिव्हिलचं यूटीएम सळया तोडायचं असतं, 1000 किलोन्यूटनचं. तुझ्या पट्टीला लागणार फार तर काही न्यूटन. ट्रकच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र तोलल्यासारखं होईल. प्लास्टिक किंवा टेक्स्टाइल विभाग शोध आणि लोडसेल (मशीनमधला बल मोजणारा भाग) 100 न्यूटनचा किंवा त्याहून लहान आहे का ते विचार.

खानदेशी_ठसका
मी वर सांगितलेलं कोणी वाचतंय का? कान. पृष्ठ-ऊर्जा वगैरे आयती मिळते, खरी त्वचाच असते ती.

अळवावरचं_पाणी
वाचलं. पण एका कानाचं तेल दुसऱ्या कानासारखं नसतं, वयानुसार जाडी बदलते, आणि लॅबच्या हवेत तास-दोन तासांत कडा वाळायला लागतात. 30 पट्ट्यांची सरासरी काढशील, पण चढउतार एवढा येईल की पॅच अ आणि पॅच ब मधला फरक त्यात बुडून जाईल. शेवटची खात्री म्हणून दोन-चार पट्ट्या कानावर घ्यायला हरकत नाही.

खानदेशी_ठसका
आमच्या गाइडने तरी असं काही म्हटलं नव्हतं. तीन पेपर छापून आले.

गोळीवाली_नाशिक
सर्वांचे आभार. यंत्रींचा सल्ला ऐकून फोन केला आणि वाचले. यूटीएम सिव्हिलचंच निघालं. पण टेक्स्टाइलवाल्या मॅडमकडे 100 न्यूटनचा लोडसेल आहे, दुपारी वापरू देतील.

आता निर्णय. तुमच्यातल्या निम्म्यांनी नको म्हटलेलं जिलेटिनच करतेय. 🙏 बेकरीवालींचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं की जिलेटिन आणि ग्लिसरीन दोन्ही आमच्या स्टोअरमध्ये कॅप्सूलच्या प्रॅक्टिकलसाठी पडून असतं. सॉफ्टजेलचं कवच तेच तर असतं. म्हणजे पृष्ठभागाचा खर्च शून्य. शिवाय ते प्रथिन आहे, पाणी धरतं, सिलिकॉनसारखा नॉनस्टिक प्रकार नाही.

वितळण्याचं म्हणाल तर ओतलेला थर फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात ठेवायचा, त्याने जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि मग ते वितळत नाही. प्रत्येक बॅच सारखाच वेळ बुडवायची, नंतर धुऊन ठरावीक आर्द्रतेच्या डब्यात ठेवायची. काल एक तुकडा करून 32 अंशाला (त्वचेचं तापमान) इन्क्युबेटरमध्ये ठेवला होता. सकाळी उचलला तर अख्खा हातात आला. बिनफॉर्मॅलिनचा शेजारचा तुकडा मऊ पडून पेट्री डिशला बसला होता.

घामासाठी मीठ 0.5 टक्के, लॅक्टिक ॲसिड 0.1, युरिया 0.1, अमोनियाने पीएच 6.5. फवारून टिपून घेणार. कोपरे गोल आणि चौकोनी, दोन्ही करणार (गोडघाशाकाका, श्रेय तुम्हाला). ताण-सोड करायला सरांनी जुना मोटरवाला स्टँड दिलाय.

सदा_स्टुटगार्ट
फॉर्मॅलिनने बांधलेलं जिलेटिन म्हणजे त्वचा नव्हे. रिव्ह्यूअर विचारतील, बघ.

अळवावरचं_पाणी
विचारतील. तेव्हा तीच पट्टी वापरून बाजारातला एखादा चालणारा पॅच तपास आणि तुझा शेजारी मांड. मग पट्टी नकली असली तरी तुलना खरी राहते. फॉर्मॅलिनचं काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) कर. आणि पॅच निघताना पट्टीवर गोंदाचा थर मागे राहतोय की स्वच्छ निघतोय ते दर वेळी लिहून ठेव. गोंद मागे राहिला तर तुझा गोंद आतूनच फाटतोय, तो वेगळा आजार.

शुद्ध_तूप
हे बरं केलंत, कानापेक्षा जिलेटिन चांगलं.

खानदेशी_ठसका
जिलेटिन कशापासून बनतं, सांगू का?

टॉर्कमामा
पोरी, जे करायचं ते कर. पण तक्त्यात पहिली ओळ स्टीलची ठेव. 180 अंश, 300 मि.मी.

गोळीवाली_नाशिक
ठेवते मामा. मोजून झालेलंच आहे ते.

गोडघाशा
4000 वाचलेच आहेत तर माझ्या सेन्सरवरची टेप पण तपासून दे ना. तीन ब्रँडच्या आहेत घरी, कुरियर करतो.

बेकरीवाली
माझं नाव थिसिसमध्ये येणार का?

कासवछाप
इथे वाचणाऱ्या कोणाला सिलिकॉन हवं असेल तर माझ्याकडे प्लॅटिनमवालं साधारण अर्धा किलो शिल्लक आहे, दोन्ही डबे मिळून. 900 रुपये, कुरियर वेगळं. व्यनि करा.