मॅजिक किंगडममधली नदी बुजवायला नको होती

काठावरची

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कात ६ जुलै २०२५ ला लिबर्टी बेल बोटीची शेवटची फेरी झाली. टॉम सॉयर बेटावर नेणारे तराफेही त्याच दिवशी थांबले. 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' म्हणजे बोट आणि बेट जिच्यात होतं ती कृत्रिम नदी, तो अख्खा भाग बंद झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये 'कार्स' या अ‍ॅनिमेशनपटाच्या कथेवरचा नवा विभाग जाहीर झाला तेव्हा मीही खूश झाले होते. तो नदीच्या जागेवर होणार हे मागाहून कळलं, आणि तेव्हापासून मन लागत नाहीये.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो. का, ते सांगते.

ही नदी पार्काइतकीच जुनी, १९७१ ची. बेट १९७३ चं. लिबर्टी बेलही त्याच सालची, फक्त तेव्हा तिचं नाव रिचर्ड एफ. आयर्विन होतं आणि १९९६ मध्ये ते बदललं. ती पाण्याखालच्या रुळावरून चालायची, त्यामुळे 'खोटी बोट' म्हणणारे बरेच भेटतात. पण वाफ खरी होती. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला उभं राहिलं की इंजिनाचे दांडे समोर पुढेमागे होताना दिसायचे, तेलाचा वास यायचा, गरम हवा अंगावर यायची. आणखी दोन पावलं मागे गेलं की ते मोठं लाल चाक. त्याच्यावरून उडणारे तुषार चेहऱ्यावर घेत मी एकदा लागोपाठ तीन फेऱ्या केल्या होत्या. 'उतरा' असं कोणी म्हणालं नाही.

बेटावर एक पाणचक्की होती. तिच्या आतल्या लाकडी दातेरी चाकात एका पक्षिणीचं घरटं केलेलं होतं. डिस्नेच्या १९३७ च्या पाणचक्कीवरच्या लघुपटाची ती आठवण. पाटी नाही, खूण नाही, सांगायला कोणी नाही. वाकून बघितलं तरच दिसायचं. अशा गोष्टी सापडायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या बेटावर मिळायचा.

आता खरा मुद्दा. नदी नुसती एक राइड नव्हती. लिबर्टी स्क्वेअरकडून फ्रंटियरलँडकडे चालत जाताना एका हाताला दुकानं, गर्दी, स्पीकर, आणि दुसऱ्या हाताला मोकळं पाणी. डोळ्यांना तेवढाच विसावा. हॉन्टेड मॅन्शन हा भुताचा वाडा भयाण वाटायचा तो काठावर एकटा उभा असल्यामुळे. बिग थंडर या रोलर कोस्टरचा डोंगर उंच वाटायचा कारण मध्ये पाणी होतं. नदी काढली की या दोघांचीही रया जाणार. नव्या विभागात झाडं, डोंगर, उसळणारे झरे असतील असं सांगितलं जातंय, आणि ते देखणं होईलच, यात मला शंका नाही. पण तिथे सगळीकडे काही ना काही घडत असेल. काहीच घडत नाही अशी जागा त्या पार्कात दुसरी कुठली उरली, तुम्हीच सांगा.

गाडीवेडा

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला पटलं नाही.

पहिली गोष्ट. बेटावर शेवटच्या आठवड्यात जी झुंबड उडाली ती मी बघितली. त्याआधी चार वेळा गेलो होतो तेव्हा तराफ्यावर आम्ही दहा-बारा जण असायचो. वर्षाला दीड कोटीहून जास्त माणसं येतात त्या पार्कात. बाकी सगळीकडे रांगेत तास-दीड तास उभं राहायचं आणि मधोमध एवढी मोठी जागा मूठभर लोकांसाठी राखायची, हा कुठला न्याय?

दुसरी गोष्ट. २ जानेवारी २०१२ ला ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये 'जॉज' राइड बंद झाली. तेव्हाही असाच आकांत झाला होता. त्या जागेवर जुलै २०१४ मध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टीतली डायगन अ‍ॅली उघडली. विटांच्या भिंतीमागून ती गल्ली पहिल्यांदा दिसली तेव्हा मी जागच्या जागी उभा राहिलो होतो. आज जगातल्या उत्तम थीम विभागांची नावं घ्या म्हटलं तर तिचं नाव पहिल्या पाचांत येतं. 'कार्स'चंच घ्या. कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे डिस्नेचंच पार्क २००१ पासून धडपडत होतं. जून २०१२ मध्ये तिथे कार्स लँड आलं आणि पार्काला जीव आला. संध्याकाळी निऑनचे दिवे एकेक करून लागतात तो क्षण ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आणि वॉल्ट डिस्नेंनी स्वतःच म्हणून ठेवलंय की जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पूर्ण होणार नाही, वाढतच राहील. पार्क म्हणजे संग्रहालय नव्हे.

भोंगा

गाडीवेडा, ते वाक्य प्रत्येक वेळी पुढे केलं जातं, म्हणून जरा थांबून बघू. त्यात शब्द 'वाढेल' असा आहे. एक काढून दुसरं बसवणं म्हणजे वाढणं कसं?

फ्लोरिडात डिस्नेकडे सुमारे २५,००० एकर जमीन आहे. कॅलिफोर्नियातलं मूळ डिस्नेलँड चारी बाजूंनी शहरात अडकलेलं, तिथे इंच इंच मोजावा लागतो. तरी तिथे काय केलं? 'स्टार वॉर्स'चा विभाग बांधायला जानेवारी २०१६ मध्ये नदी बंद केली, तिचा मागचा भाग कापला, काठ नव्याने वळवला, धबधबे घातले आणि जुलै २०१७ मध्ये मार्क ट्वेन बोट पुन्हा सोडली. नदी लहान झाली, पण राहिली. बरेच जण तर म्हणतात की आधीपेक्षा सुंदर झाली. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये बोट आहे, बेटही आहे. पॅरिसमध्ये तर बिग थंडरचा डोंगरच नदीतल्या बेटावर आहे.

म्हणजे दोन्ही गोष्टी नांदू शकतात हे याच कंपनीने करून दाखवलंय. जिथे जागेची चणचण तिथे नदी ठेवली आणि जिथे जमीन पडलीय तिथे बुजवली. मला राग याचा आहे.

गाडीवेडा

जमीन आहे, पण ती पार्काच्या बाहेर. पार्काभोवती रेल्वेचा रूळ आहे, आणि बिग थंडरच्या पलीकडे डिस्नेच्या खलनायकांचा जो दुसरा नवा विभाग होणार आहे तो करायचा तर माणसं तिथवर जाणार कुठून? आत्ताच फ्रंटियरलँडच्या त्या टोकाला परेडच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. नदीला वळसा घालणारा एकच चिंचोळा रस्ता ठेवून दोन नवे विभाग उघडले तर चेंगराचेंगरी होईल. नदी लहान करूनही तो प्रश्न सुटला असता असं मला वाटत नाही, कारण बोटीला पूर्ण फेरी मारायला तेवढं वळण लागतंच.

कॅलिफोर्नियाची गोष्ट मात्र मान्य. ती माझ्या डोक्यात नव्हती.

पायरी

मी वेगळ्या बाजूने बोलते. माझा मुलगा व्हीलचेअरवर असतो.

बोटीचा खालचा मजला आम्हाला चालायचा. बेटाचं काय? पिंपांवर तरंगणारा तो हलता पूल, अरुंद गुहा, किल्ल्याचा जिना, चढउताराच्या पायवाटा. १९७३ मध्ये बांधताना आमचा विचार कोणी केला नव्हता. अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये आला, पण जुनी गुहा काही रुंद झाली नाही. दोनदा आम्ही तराफ्यावरून पलीकडे गेलो, आणि मुलाने काय केलं? त्याची बहीण गुहेतून ओरडत होती तो आवाज ऐकत बाहेर थांबला. दुसऱ्या वेळी त्याने मला विचारलं, "आई, आत किती अंधार आहे?" मी स्वतः आत जाऊन आले आणि त्याला सांगितलं.

इथे सगळे लिहितायत की बेट म्हणजे मुक्तपणे हुंदडायची जागा. कोणासाठी, हेही एकदा बघा. नवीन जे बांधतील ते आजच्या नियमांनी बांधतील. 'कार्स'च्या राइडच्या गाडीत त्याला बसता आलं तर मला नदीचं दुःख होणार नाही.

काठावरची

पायरी, तुमचा प्रतिसाद दोन-तीनदा वाचला. त्या बेटावर मी किती वेळा गेले असेन, पण त्या गुहेच्या तोंडाशी कोण थांबलंय हे कधी बघितलं नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. बेट नव्याने, सगळ्यांना फिरता येईल असं बांधायला हवं होतं, एवढंच म्हणू शकते. ते बुजवण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

सावली

मी बोटीच्या बाजूने. माझ्या भाचीला मोठे आवाज आणि गर्दी सहन होत नाही, दुपारपर्यंत ती पार थकून जाते. बहीण तिला घेऊन बोटीच्या वरच्या मजल्यावर बसायची. एक फेरी वीसेक मिनिटांची, आणि तेवढ्यात पोरीचा श्वास शांत व्हायचा. भोंगा वाजायचा तेव्हा तिचे कान आम्ही हातांनी झाकायचो, तो ठरलेल्या जागी वाजतो हे पाठ झालं होतं. मग पुढचे तीन तास पार्क जमायचं.

रांग नव्हती म्हणून ती जागा फुकट गेली असं गाडीवेडा म्हणतात. रांग नव्हती म्हणूनच आम्ही तिथे जायचो हो. रांगेच्या मिनिटांवर मोजलं तर अशा जागा नेहमीच हरणार.

जुना_नकाशा

एक मुद्दा कोणी काढला नाही. बोटीतून जाताना काठावर मूळ रहिवाशांचं गाव दिसायचं, पुतळ्यांचं. पश्चिमेकडे सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतींची गोष्ट, आणि ज्यांची जमीन गेली ते लोक देखाव्यापुरते. मला दर वेळी ते खटकायचं. आजच्या मुलांना तो इतिहास असाच दाखवत राहायचा का?

भोंगा

खटकण्यासारखं होतंच. पण देखावे बदलता येतात, त्यासाठी पाणी काढावं लागत नाही. याच पार्कातल्या स्प्लॅश माउंटन या पाण्यातल्या राइडचं तेच झालं. मूळ गोष्ट आक्षेपार्ह होती म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती राइड बंद केली आणि जून २०२४ मध्ये टियाना या डिस्नेच्या राजकन्येच्या नव्या गोष्टीसह पुन्हा उघडली. पाण्याचा प्रवाह तोच, उतार तोच. नवी गोष्ट आवडो न आवडो, सांगाडा वाचला.

इथे काहीच वाचत नाहीये.

गाडीवेडा

सावली, तुमचं मात्र मनाला लागलं. शांत जागा हवी, हे मी नाकारत नाही. ती नव्या विभागातच आखून मागायला हवी: झाडाखाली बाकं, आडोसा, जिथे संगीत नाही. चाहत्यांनी आता ताकद लावायची तर इथे लावावी असं मला वाटतं. नदी परत येणार नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये याच पार्कातली मिस्टर टोड या बेडकाची राइड बंद झाली त्याआधी लोक हिरवे शर्ट घालून पार्कात जमले होते, पत्रं लिहिली होती. तरी ती गेलीच, आणि पुढच्या वर्षी तिथे विनी द पू आला.

काठावरची

तुम्ही टोडचं उदाहरण दिलंत, मी पाणबुड्यांचं देते. त्याच पार्कात फँटसीलँडमध्ये एक तळं होतं, त्यात पाणबुड्या चालायच्या. सप्टेंबर १९९४ मध्ये बंद केल्या. तळं तसंच पडून राहिलं, १० वर्षं. २००४ मध्ये भरून टाकलं. तिथे नवा फँटसीलँड उघडायला २०१२ उजाडलं. ९४ मध्ये पाच वर्षांचं असलेलं मूल तोवर तेवीस वर्षांचं झालं होतं.

म्हणून 'जॉज' आणि डायगन अ‍ॅली ऐकलं की मला ते तळं आठवतं. अडीच वर्षांत उत्तम काही उभं राहतं, तसंच वर्षानुवर्षं नुसतं कुंपणही उभं राहतं. या वेळी काम लगेच सुरू झालंय, हे मान्य. पण नदी एकदाच बुजवता येते.

तुमची बाकांची आणि आडोशाची सूचना मात्र चांगली आहे. वेगळं पत्र लिहू या. पायरी आणि सावली, मसुदा तुम्ही दोघींनी आधी बघावा अशी विनंती. रस्ता किती रुंद, उतार किती, आवाज कुठे नको, हे आमच्यापेक्षा तुम्हाला नेमकं सांगता येईल.

पायरी

बघते. एक आत्ताच लिहून ठेवा: शांत कोपरा केला तर त्याला पायऱ्या नकोत.

सावली

आणि तो शौचालयाच्या हात वाळवायच्या यंत्रांपासून लांब हवा. त्या आवाजाने भाची सगळ्यात जास्त घाबरते.

भोंगा

पत्राला माझी सही धरा. गाडीवेडा, तुम्हीही करा.

आणखी एक. बोटीच्या भोंग्याचं ध्वनिमुद्रण बऱ्याच जणांकडे आहे, माझ्याकडेही तीन आहेत. पाणचक्कीच्या आतला आवाज हवाय. लाकूड करकरत चाक फिरतं आणि त्या करकरण्यातूनच एका जुन्या गाण्याची चाल निघते, तो. माझ्या मुद्रणात मधेच कोणाचं तरी मूल रडतंय. कोणाकडे स्वच्छ असेल तर कळवा.

गाडीवेडा

सही धरा. पाणचक्कीचं माझ्याकडे आहे, चाळीसेक सेकंदांचं. शेवटच्या आठवड्यात घेतलं होतं. पाठवतो.